धुराड्यामागचं विरजण

ब्रेक्का, वॉस
२० मे १९८९

प्रिय ओसहिलवहिनी,

तुझं कार्ड पोचलं. तू सुखरूप आहेस आणि तुझ्या आईचे गुडघे आता जिना चढू देतात, हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे मी, गुरं आणि तो लंगडा कुत्रा. घरात आणखी आहे कोण?

यंदा कोकरं चांगली झाली. काळ्या मेंढीनं आपलं एक पिल्लू झिडकारलं, त्याला मी बाटलीनं पाजते. वरच्या कुरणावरचं बर्फ अजून हललेलं नाही. सतरा मेची, राष्ट्रदिनाची मिरवणूक चर्चपासून निघाली, मी गेले नाही. वाडीतल्या त्या ब्रितानं दोनदा चौकशी केली म्हणे. ब्रिता ती ब्रिताच, माणूस आलं तरी तिला विषय, नाही आलं तरी विषय.

तुझे रबरी बूट आणि विणकामाची टोपली शेजारच्या येर्मुंडबरोबर पाठवते आहे. तो रोपं आणायला फेरीबोटीनं तुमच्या काठाला येणार आहे. बुटांत मोजे कोंबलेत, ते आइविनदादाचे आहेत. मी ते धुतले, वाळवले आणि मग कुठे ठेवायचे ते सुचेना. तुझा नवरा होता, तुझ्याकडेच असू देत.

दादाला मातीत ठेवून आल्यावर अंगणात जे झालं ते मनावर घेऊ नकोस, हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू बॅग भरत होतीस, माझं गुरांचं दूध काढून व्हायचं होतं, राहूनच गेलं. दादाच्या अंत्यविधीसाठी घरात केलेली बिअर बिघडली, हे खरं. तिला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येत होता आणि त्याच्याखालून नासक्या अंड्याचा, हेही खरं. पण बिअर आहे, बिघडते कधी कधी. पिंप बाबांच्या वेळचं, त्याच्या फटींत काय काय बसलं असेल कुणास ठाऊक. पाणीही वितळलेल्या बर्फाचं होतं. ब्रितानं सगळ्यांसमोर "पिंप धुतलं कुणी?" असं विचारलं आणि तू "मी" म्हणालीस, झालं ते एवढंच. लोकांना नावं ठेवायला कुणीतरी लागतं. भेटेल त्याला मी सांगते, की वहिनीच्या हातात दोष नाही.

एवढ्यासाठी तू घर सोडून माहेरी जायला नको होतंस. तुझी खोली होती तशी आहे.

कार्डावर तू एकच प्रश्न विचारलास, दादाचं बिअरचं विरजण जपून आहे ना. आहे. जपून आहे. त्याची काळजी तू करू नकोस.

माझ्या खोलीतलं धुराडं फार तापतं, त्यासाठी गवंडी बोलावला आहे. तो म्हणतो जूनमध्ये येईन, म्हणजे ऑगस्ट धरायचा. आईंना नमस्कार सांग.

तुझी नणंद,
सिग्रुन


ब्रेक्का
८ ऑक्टोबर १९८९

प्रिय वहिनी,

या पत्राची सुरुवात मी मेंढ्यांपासून करणार नाही. कोकरं वाढली, अर्धी विकली, उरलेली कापून त्यांची मुंडकी हिवाळ्यासाठी भाजून झाली. मेंढ्या संपल्या.

काल येर्मुंड तुमच्याकडून सफरचंदं घेऊन आला. तुझ्या आईनं त्याला एक बाटली दिली होती, घरच्या बिअरची. एकट्यानं प्यायला बरं वाटेना म्हणून तो ती माझ्याकडे घेऊन आला. मी कांदा चिरत होते. त्यानं बूच काढलं आणि मी सुरी खाली ठेवली.

जुनिपरच्या झुडपाचा वास, आणि त्याच्यामागून संत्र्याच्या सालीचा. मी अंगणातल्या त्या पिंपाभोवती खेळून मोठी झाले. हा वास कुठल्या घरचा, ते मला कुणी सांगायला नको होतं.

"सिग्रुन," येर्मुंड म्हणाला, "ही तुझ्या बाबांची बिअर आहे."

"काहीतरीच. फ्योर्डपलीकडची आहे ती."

"असेल पलीकडची. माझे कान गेलेत, नाक नाही गेलं. मी म्हातारीला विचारलं, विरजण कुठलं वापरता. म्हणाली, जावयानं दिलेलं. मागणी घालायला आला तेव्हा फुलं आणायची सोडून खिशात रुमालाची पुरचुंडी घेऊन आला होता. म्हणाला, आमच्या घरातून हे बाहेर द्यायचं नसतं, कुणाला बोलू नका."

येर्मुंड हसत होता. मग हसायचा थांबला. "पण मग आइविनच्या वेळी तसला वास कसा आला गं? विरजण तर हेच ना?"

"पिंप," मी म्हटलं.

त्यानं खिडकीतून पिंपाकडे पाहिलं, उरलेली बिअर संपवली आणि "बरंय" म्हणून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. त्या "बरंय"नं माझं जेवण गेलं.

वहिनी, पिंप स्वच्छ होतं. जुनिपरच्या डहाळ्या उकळून त्या कढत पाण्यानं तू ते पुन्हा पुन्हा घासलंस, मग आत डोकं घालून हुंगलंस. मी दारात उभी राहून बघत होते. इतकं स्वच्छ ते आमच्या आईनंही कधी केलं नसेल. पाण्यातही काही नव्हतं. विरजण मेलेलं होतं, आणि ते माझ्या हातून मेलं.

गेल्या नाताळात जेवताना दादा काय म्हणाला तुला आठवत असेल. "पुढच्या वेळी विरजण ओसहिल घालेल. सिग्रुन, कुठे ठेवतेस ते तिला दाखवून ठेव." तू लगेच म्हणालीस, "वन्सं आहेत तोवर मी कशाला?" तू चांगल्या मनानं म्हणालीस. मला ते "आहेत तोवर" झोंबलं. जमीन दादाची, घर दादाचं, मग ते तुझं, याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. मी आश्रितासारखी राहत होते आणि मला ते चालत होतं, कारण वर्षातून दोनदा सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघायची, की सिग्रुन विरजण कधी घालते. तेवढं एक माझं होतं. तेही तुला दाखवायचं म्हणे.

मी नाही दाखवलं. नाताळच्या पिंपाच्या तळाचं विरजण काढून कापडावर पसरलं, वाळून त्याच्या पापड्या झाल्या. दरवर्षी त्या मी धान्याच्या कोठीत टांगते, थंडीत. या वेळी माझ्या खोलीत नेल्या आणि धुराड्यामागच्या कोनाड्यात लपवल्या. तू माझ्या खोलीत कधी येत नाहीस म्हणून. यंदाचा हिवाळा कसा गेला ते तुला ठाऊक आहे. चूल एक दिवस विझली नाही. उबेचं मला भानच राहिलं नाही. मी फक्त तुझ्यापासून लपवण्याचा विचार केला होता.

दादा गेला आणि पुरचुंडी सोडली, तर पापड्या तपकिरी. करपलेल्या पावाचा वास. वाटीभर माल्टच्या गोड रसात दोन टाकून पाहिल्या, रस तसाच राहिला. एक बुडबुडा नाही.

अशा वेळी आपल्याकडे लोक काय करतात? शेजारी जातात. येर्मुंडनं दिलं असतं, ब्रितानंसुद्धा दोन टोमणे मारून दिलं असतं. वाडीतली सगळी विरजणं एकमेकांकडे अशीच जगतात. पण बाबा म्हणायचे, ब्रेक्काच्या घरानं विरजण कुणाकडे मागितलं नाही आणि कुणाला दिलं नाही. त्याचा आम्हाला केवढा ताठा. दुसऱ्या कुणाला कधी दिलंच नाही, म्हणून आमचं मेलं तेव्हा कुणाकडे ते उरलंही नव्हतं, असं मी धरून चालले.

आणि त्याच दिवशी तू स्वयंपाकघरात आलीस. डोळे सुजलेले, हातात दादाचा काळा कोट. म्हणालीस, "वन्सं, विरजण पुरेसं आहे ना? आईकडे आहे. हवं तर मी फेरीनं जाऊन येते."

मी काय उत्तर दिलं ते तू विसरली नसशील. "ब्रेक्काच्या घरात बाहेरचं विरजण येत नाही."

ते बाहेरचं नव्हतं. दादाचं होतं, बाबांचं होतं, तुझ्या आईच्या कोठीत जिवंत होतं. तुला हे माहीत होतं. तू बोलली नाहीस, कारण दादानं बोलू नका म्हटलं होतं. आणि मी चुलीपाशी उभी राहून माझ्याच घरच्या विरजणाला परकं म्हणत होते.

काळं कापड आणायला मी बर्गनला गेले, तिथून यीस्टची पुडी आणली. परदेशी बिअरची. त्या पुडीवर स्वच्छ लिहिलं होतं: रस पूर्ण गार होऊ द्या, थंड खोलीत ठेवा, दोन-तीन आठवडे हलवू नका, उबेत वास बिघडेल. त्या यीस्टची रीत तशी. आपलं विरजण नुकत्या काढलेल्या दुधाच्या उबेत घालायचं आणि तिसऱ्या दिवशी प्यायचं. मला वाचता येतं, वहिनी. रस गार करायला हवा हे मला माहीत होतं. पण गार होईस्तोवर थांबले असते तर येर्मुंडनं विचारलं असतं, "का गं, आज एवढा गार?" तू तिथेच उभी होतीस. म्हणून पुडी आधीच घरच्या कापडात रिकामी करून ठेवली आणि बाबांसारखं कोपर बुडवून ऊब पाहिली, तुम्हाला दिसेल अशी. आणि घातलं. खोटं लपवायचं म्हणून मी बिअर मुद्दाम नासवली असंच म्हणायला हवं. नेलपॉलिशचा वास त्या उबेतून आला. नासक्या अंड्याचा वास कदाचित पुढे दोन आठवड्यांत उडून गेला असता, पण दादा काही तेवढा थांबणार नव्हता.

विरजण घालताना ओरडायचं असतं, ते जागं व्हावं म्हणून. दादाची हाक येर्मुंडच्या गोठ्यातल्या गाईंना उठवायची. त्या दिवशी ती हाक घालायला कुणी पुढे होईना. येर्मुंड टोपी हातात घेऊन नुसता उभा. शेवटी तू ओरडलीस. मध्येच तुझा आवाज फाटला, तरी तू हाक पुरी केलीस. ती हाक तू दुकानातल्या पुडीला घातलीस, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते. बाकी सगळं एक वेळ माझ्या मनातून जाईल. हे जात नाही.

पुढचं तुला माहीत आहे. ब्रितानं कटोरा नाकापाशी नेला आणि हात लांब केला. "पिंप धुतलं कुणी?" तू "मी" म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी माझ्या कटोऱ्यात पाहिलं. मग ब्रिता म्हणाली, "माझी सासू सांगायची, घरात कुणाची मेलेल्यावर माया नसली की त्याची बिअर नासते." हे ती तुला म्हणाली, वहिनी. दादाचे मोजे उशाशी घेऊन झोपणाऱ्या तुला. मी तेव्हाही कटोऱ्यातच पाहत होते.

मे महिन्यात मी लिहिलं, की भेटेल त्याला सांगते वहिनीच्या हातात दोष नाही. कुणालाही सांगितलं नाही. कुणी विषय काढला की मी उसासा टाकायचे, लोक त्याचा हवा तो अर्थ काढायचे आणि मी काढू द्यायचे. विरजण जपून आहे असंही लिहिलं. आता वाटतं, तुला तो वास आला त्याच क्षणी कळलं असणार, की हे दादाचं विरजण नाही. म्हणून तू विचारलंस. तू मला खरं बोलायची संधी दिली होतीस.

तुझं घर गेलं, नाव गेलं, आणि नवऱ्यासाठी रडायलाही तुला चार माणसांत जागा राहिली नाही. मला घर मिळालं, चूल मिळाली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि आता मी संध्याकाळी कुत्र्याशी बोलते.

मी विरजण मागत नाही. मागायला तोंड नाही. क्षमाही एवढ्यात मागत नाही, कारण तुझ्या कानात सांगून तुझं नाव परत येत नाही. नाताळची बिअर उघडायला दरवर्षी वाडी आपल्या अंगणात जमते. यंदा बिअर नसली तरी मी सगळ्यांना बोलावणार आहे आणि हे त्यांच्यासमोर सांगणार आहे.

सिग्रुन
(नणंद असं लिहायचा धीर होत नाही.)


ब्रेक्का
१७ डिसेंबर १९८९

प्रिय वहिनी,

तुझं पार्सल मिळालं. दादाचा निळा रुमाल, त्यात पापड्या, आणि तुझी चिठ्ठी. "धुराड्यापासून लांब ठेवा, वन्सं." पत्र नाही, नमस्कार नाही. मी ती टेबलावर ठेवली, गोठ्यात गेले, परत आले, पुन्हा वाचली. मला हसू आलं. तू मला टोमणा मारलास याचं मला केवढं बरं वाटलं, ते मला लिहिता येत नाही. आणि शेवटी "वन्सं" आहे. तो शब्द तू गाळू शकली असतीस.

माझी खात्री होती की माझ्या हातून ते उठणार नाही. दुधाच्या उबेत घातलं आणि ओरडले. माझा आवाज कसला, कोंबडीसारखा. पण ओरडले. थंडीमुळे पिंप मी भट्टीघरात, बिअर उकळतो त्या खोलीत, घेतलं होतं; दुपारपर्यंत त्यावर फेस चढला आणि भट्टीघर संत्र्याच्या वासानं भरलं. मी तिथेच लाकडावर बसून राहिले.

काल वाडी जमली. कटोरे भरायच्या आधीच मी बोलायला लागले, कारण एकदा प्यायला सुरुवात झाली की मी उद्यावर ढकललं असतं हे मला ठाऊक आहे. सगळं सांगितलं. कोनाडा, पुडी, कोपर बुडवून दाखवणं, तू विरजण आणून देते म्हणाली होतीस ते, आणि मी काय उत्तर दिलं तेही. पाठ केलं होतं तरी मध्ये दोनदा चुकले.

मग ब्रिता म्हणाली, "म्हणजे मी त्या पोरीला उगाच बोलले?"

"हो."

"आणि तू मला बोलू दिलंस."

"हो."

"माझं तोंड वाईट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, सिग्रुन. तू गप्प बसतेस म्हणून मी तुला चांगली समजत होते."

येर्मुंड म्हणाला, "मला ऑक्टोबरातच कळलं होतं. तू कधी बोलतेस एवढंच बघत होतो." खालच्या वाडीतले दोघे न पिताच निघून गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

बाकीचे थांबले. बिअर ओतली, कटोरा फिरला, कुणी नाक मुरडलं नाही. कौतुकही कुणी केलं नाही, नुसते पीत राहिले. मग ब्रितानं पिशवीतून जॅमची रिकामी बरणी काढली. "तळाचं थोडं दे."

ब्रेक्काच्या घरानं कुणाला दिलं नव्हतं. मी खाली वाकून बरणी भरून दिली. तुला माहीत आहे, ज्या घरून विरजण येतं त्या घराचं नाव बरणीवर घालायची इथली पद्धत आहे. ब्रितानं पेन्सिल काढली. "ब्रेक्का लिहू?"

"ब्रेक्काचं मेलं," मी म्हटलं. "हे ओसहिलचं आहे. ओसहिल लिही."

तिनं पेन्सिलीचं टोक ओलं केलं. मग लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि बरणी कोटाच्या आत घेतली, थंडी लागू नये म्हणून. तिच्यामागून येर्मुंड आला, मग शाळेतल्या बाई, मग बाकीचे. घरातले सगळे डबे, बरण्या, एक मोहरीची बाटलीसुद्धा संपली. आता वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक कोठीत तुझं नाव टांगलेलं आहे. ब्रिता जाताना म्हणाली, "तिला लिहिशील तेव्हा सांग, मी स्वतः येणार आहे, बर्फ वितळलं की. पत्रात मला नीट बोलता येत नाही." समोरासमोरही तिला बोलता येत नाही, पण ती येईल.

तुझी खोली मी झाडून ठेवलेली नाही. ठेवली असती तर तू यावंस म्हणून ठेवली असं झालं असतं, आणि तसं म्हणायचा हक्क मी घालवला आहे. घराच्या कागदांसाठी मी जानेवारीत वकिलाकडे जाणार आहे. काय लिहायचं ते तू सांगशील तसं. आमच्याकडची पुरचुंडी कोठीत आहे, उत्तरेच्या भिंतीला, जिथे दादानं तुला दाखवायला सांगितलं होतं तिथेच, खुंटीवर. आत शिरल्यावर डाव्या हाताला.

तुझ्या विरजणावर जगलेल्या घरातली,
तुझी नणंद,
सिग्रुन